हाकेला ओ

झोळी पुन्हा एकदा खाली टेकली तेव्हा उतरणीचा अवघड भाग मागे पडला होता. पुढे तेरड्याने भरलेला माळ होता, माळाखाली भातखाचरं, आणि त्याच्याही खाली, पवनेच्या पाण्याअलीकडे, तिकोणा पेठेची घरं दिसायला लागली होती. ॲम्ब्युलन्स तिथवरच येणार होती. वाडीवर गाडी जात नाही. आजारी माणूस खाली आणायचा तर बांबूला गोधडी बांधायची आणि चार खांदे शोधायचे.

गोधडीत सावित्राबाई होत्या. अनिताने त्यांचा दुखरा पाय चांगल्या पायाला लुगड्याच्या पट्टीने बांधला होता आणि मध्ये घडी केलेलं पोतं घातलं होतं. तरी झोळी हलली की त्यांचा चेहरा आक्रसायचा. तोंडातून मात्र आवाज नाही.

"मावशी, तुझं वजन कुटं लपवलंवतंस गं?" निलेश खांदा चोळत म्हणाला. "दिसतीस काडीवानी, आन् आमचे खांदे पार गेले."

"तुज्या लग्नात जेवलेवते, त्येचं हाय," सावित्राबाई झोळीतून म्हणाल्या. "पुना कवा करतूस?"

बाकीचे तिघं खो खो हसले. निलेशची बायको माहेरी जाऊन बसलेली सगळ्या वाडीला ठाऊक होतं. तो पण हसला. अनिताला बरं वाटलं. बोलतायत म्हणजे शुद्धीवर आहेत. तिने पदराने त्यांच्या कपाळावरचा घाम टिपला आणि म्हणाली, "मावशी, डोळे मिटून पडा जरा. झोप लागली तर दुखणं कळायचं नाही."

सावित्राबाईंनी एकदम तिचं मनगट धरलं. म्हातारीच्या हाताला एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं.

"झोपवू नगंस मला. काय बी कर, पन झोपवू नगंस."

"बरं बरं, नाही झोपवत," अनिता म्हणाली. दुखण्यामुळे बोलत असतील, असं तिला वाटलं. गडावरच्या महादेवाला तिने मनातल्या मनात हात जोडले आणि झोळी पुन्हा उचलली गेली.

अनिता पेठेतली. घरची भातशेती, आणि शनिवार-रविवारी गड चढायला येणाऱ्यांना ती घरीच जेवण करून घालते. पिठलं, भाकरी, रानातली एखादी भाजी. ती भाजी सावित्राबाई आणायच्या. कुर्डू, भारंगी, टाकळा, ज्या दिवसांत जे उगवेल ते. दर शनिवारी पाटी डोक्यावर घेऊन त्या उतरायच्या, अनिताच्या मागच्या दाराच्या पायरीवर बसायच्या, चहा घ्यायच्या, आणि बसूनच राहायच्या. भाजी केव्हाच निवडून शिजायला पडलेली असायची. पाहुणे जेवून गेलेले असायचे. सावित्राबाई आपल्या पायरीवर. अनिता भांडी घासता घासता काहीबाही बोलायची, त्या "व्हय" म्हणायच्या. ऊन कलायला लागलं की उठायच्या.

वाडी म्हणजे झाडीत विखुरलेली थोडी घरं. नवरा गेला त्याला खूप वर्षं झाली. मुलगा विकास तळेगावला कंपनीत लागला, तिथेच खोली घेऊन राहिला. त्याने नेलं होतं त्यांना एकदा. चार भिंतींत आणि टीव्हीच्या आवाजात त्यांचं मन रमलं नाही, परत आल्या. वाडीतली तरुण माणसं सकाळी धरणाकाठच्या हॉटेलांत आणि बंगल्यांवर कामाला उतरतात. दिवसभर वर कोण? कोंबड्या, कुत्री, आणि सावित्राबाई. त्यांच्या जोडीची एक सखू होती, अंगणातून अंगणात बोलायची. ती मागल्या थंडीत गेली.

या शनिवारी सावित्राबाई आल्या नाहीत. अनिताने पाहुण्यांना बटाट्याची भाजी वाढली आणि जेवणं उरकताच डोंगर चढायला लागली. सावित्राबाई अंगणात, भांडी घासायच्या दगडाशी कुशीवर पडलेल्या होत्या. शेवाळावरून पाय गेला होता. उजवा पाय आखूड झाल्यासारखा आणि बाहेर वळलेला. शेजारी तांदळाचं पातेलं कलंडलं होतं आणि कोंबड्या त्यांच्या हातापाशी दाणे टिपत होत्या.

"मावशी! केव्हाच्या पडलात? हाक तरी मारायची!"

"कुनाला मारू?" सावित्राबाई म्हणाल्या.

त्यांनी ते रडून सांगितलं नाही. खरंच विचारावं तसं विचारलं. अनिताने खाली हॉटेलात कामावर असलेल्या निलेशला फोन लावला, तिघांना घेऊन वर ये म्हणाली, आणि मग ॲम्ब्युलन्सला कळवलं.

लोणावळ्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत दिवस मावळायला आला होता. काउंटरवर सृष्टी नावाची मुलगी होती. तिने पूर्ण नाव विचारलं. सावित्राबाईंनी आपलं सांगितलं.

"आणि मिस्टरांचं नाव?"

सावित्राबाईंनी अनिताकडे पाहिलं. अनिता गोंधळली. एवढ्या वर्षांच्या ओळखीत तिनेही ते कधी ऐकलं नव्हतं.

"आजी, नाव सांगा ना. मिस्टरांचं."

"देवकीच्या पोराचं नाव हाय," सावित्राबाई स्ट्रेचरवरून म्हणाल्या.

"कृष्णा?"

"आगं, लाडाचं."

"गोपाळ? मुरलीधर?" सृष्टीला आता गंमत वाटायला लागली होती.

"लाडाचं म्हनते तर मुरलीधर काय सांगतीस!"

"कान्हू लिहा ताई," मागून निलेश म्हणाला. "आता काय शंबर नावं घेनार का?"

सावित्राबाईंनी मान हलवली आणि पदर तोंडावर ओढून घेतला. पाय मोडलेल्या बाईला नवऱ्याच्या नावाची लाज वाटते, याचं सृष्टीला हसू आलं. अनितालाही थोडं आलं. तिची स्वतःची आईसुद्धा नाव घ्यायची नाही.

फोटो निघाले. मांडीचं हाड वर, खुब्याच्या सांध्यापाशी मोडलं होतं. हाडाच्या डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन उद्या सकाळीच करायचं, जितकं लवकर तितकं चांगलं. केलं नाही तर म्हातारं माणूस अंथरुणाला खिळतं, पाठीला जखमा होतात, छाती भरते. मग फार दिवस काढत नाही.

निलेश आणि बाकीचे शेवटची गाडी गाठायला गेले. अनिताने घरी फोन करून सांगितलं की आज येत नाही. खाटेशी ती एकटी उरली.

थोड्या वेळाने भूल देणाऱ्या मॅडम आल्या. वयाने अनिताएवढ्याच. स्टूल ओढून त्या सावित्राबाईंच्या तोंडासमोर बसल्या, म्हणजे मान वळवायला नको. छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं.

"आजी, चुलीवर स्वयंपाक करता ना? छातीत धूर बसलाय. रक्त पातळ करायची गोळी वगैरे चालू आहे का?"

"माजं रगत आदीच पातळ हाय. आनकी कशापायी करू?"

मॅडम हसल्या. मग त्यांनी नीट, न घाई करता सांगितलं. भूल देण्याचे दोन प्रकार. एकात माणसाला पूर्ण झोपवतात, घशात नळी घालतात, श्वास मशीन देतं. काही कळत नाही, सगळं झाल्यावर जाग येते. दुसऱ्यात पाठीच्या मणक्यात बारीक सुई देतात, कंबरेखालचं अंग बधिर होतं. माणूस जागा असतो. मध्ये पडदा असतो, दिसत काही नाही, पण ठोकल्याचे, घासल्याचे आवाज येतात. म्हणून सोबत थोडं गुंगीचं औषध देतात.

"यातलं चांगलं कुठलं?" अनिताने विचारलं.

"खरं सांगू का? पूर्वी आम्हीसुद्धा म्हणायचो की म्हातारपणी मणक्यातलीच बरी. आता मोठे मोठे अभ्यास झाले. माणूस वाचायच्या आणि परत चालायला लागायच्या बाबतीत दोन्हींत फारसा फरक निघत नाही. म्हणून माणूस बघून ठरवायचं. यांची छाती बघता मी मणक्यातली सुचवेन. पण त्या आत घाबरणार असतील, हलणार असतील, तर पूर्ण भूल बरी. तुम्ही घरचेच का?"

अनिता म्हणाली, मी घरची नाही. तिने विकासला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. पलीकडे मशीनचा खडखडाट होता.

"मॅडम, पूर्णच द्या," विकास म्हणाला. "तिला आवाजबिवाज काय नको. घाबरंल ती. आये, ऐकतीस का?"

"ऐकते."

"तू गप झोपून जा. उठशील तवा मी समोर असन."

"आन् न्हाई उठले तर?"

विकास म्हणाला, "असं काय बोलतीस आये. मी सकाळी येतोच हाय. सुट्टी टाकलीय." कुणीतरी त्याला हाक मारली आणि फोन बंद झाला.

सावित्राबाई छताकडे बघत म्हणाल्या, "अनिता, मला घरला ने. मला न्हाई करायचं आपरेशन."

"मावशी, असं काय करता? डॉक्टर काय म्हणाले ऐकलंत ना?"

"ऐकलं. झोपवून मारन्यापरीस तितं माज्या खाटंवर मरू दे."

अनिताच्या डोळ्यांपुढे ती खाट आली. अंगणातलं शेवाळ, ओसाड दुपार. कुशीवर कोण वळवणार यांना? पाणी कोण देणार? आणि या तर हाकसुद्धा मारायच्या नाहीत. तिने मॅडमकडे पाहिलं. मॅडम उठल्या नव्हत्या.

"आजी, झोपेची एवढी भीती का वाटते?" त्यांनी विचारलं.

सावित्राबाई बोलायला लागल्या, पण मॅडमकडे नाही, अनिताकडे नाही, मोडका पाय ताणून धरायला खाटेच्या पायथ्याशी लटकवलेल्या वजनाकडे बघत.

"भाताची आवनी चाललीवती. बांधावर त्यांच्या पायाला डसलं. गाडी कुटली तवा? भैरोबाम्होरं नेऊन बसवलं. डसल्याल्या मानसाला झोपू द्यायचं न्हाई, आशी रीत. येकानं डोक्याशी बसायचं, घरात म्हनतात त्या नावानं हाक मारायची, त्यानं ओ द्यायची. सासू मारायची, दीर मारायचा. ह्ये ओ देत व्हते. दुपार कलंपतूर देत व्हते. मग दीर वैदू बगाया खाली पळाला. सासू नारळ फोडाया भाईर गेली. भाईर समदी वाडी बसल्याली, पुरुस मानसं, सासरा. डोक्याशी मी येकलीच."

अनिताने पाणी पुढे केलं, त्यांनी घेतलं नाही.

"मी म्हनलं, अवो. अवो, ऐकताय का. अवो." सावित्राबाईंचा आवाज तेव्हासारखाच खाली गेला असावा, कारण मॅडमना पुढे वाकावं लागलं. "नाव कसं घेनार? समदी ऐकत बसल्याली. लग्नात येकदा घेतलं तेवडंच. आन् अवो काय, कुनाला बी म्हनत्यात. त्यांनी ओ दिली न्हाई. सासू आत आली तवा डोळं मिटल्यालं व्हतं."

मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "आजी, ते झोपेने नाही गेले. विषाने गेले. त्यावर आता दवाखान्यात इंजेक्शन मिळतं. तेव्हा लवकर मिळालं असतं तर वाचू शकले असते. तुम्ही नाव घेतलं असतं तरी नुसत्या हाकेने विष उतरत नाही."

"ठावं हाय मला. आशाताई सांगून गेली. डोक्याला ठावं हाय." त्यांनी बोट कानाला लावलं. "ह्याला न्हाई."

मॅडमनी हातातल्या पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं.

"मग असं करू. मणक्यातली देऊ. गुंगीचं औषध नाही. त्याआधी मांडीत एक बधिर करायची सुई देते, म्हणजे कुशीवर वळवताना जीव कासावीस होणार नाही. मी पूर्ण वेळ तुमच्या डोक्याशीच बसलेली असते. बोलत राहू आपण."

"काय बोलशील?"

"विचारत राहीन ना. आजी, बरं वाटतंय का? आजी, थंडी वाजते का?"

"आजी म्हनल्यावं मी का ओ देऊ? भाईर बाकड्यावर किती आज्या बसल्यात."

मॅडमना हसू आवरलं नाही. सावित्राबाई मात्र हसल्या नाहीत. वळखीचं कुनीतरी पायजे, त्या म्हणाल्या. आपल्या मानसानं हाक मारावी लागती, परक्याच्या हाकंला जीव मागं फिरत न्हाई. मॅडम म्हणाल्या, नातेवाइकांना आत घेत नाहीत, पण मी सर्जनना विचारते. एकाच माणसाला, टोपी-मास्क घालून, पडद्याच्या अलीकडे बसू देऊ. आणि मग त्यांनी एक गोष्ट स्पष्ट सांगितली.

"मधेच दुखायला लागलं किंवा काही बिनसलं, तर मला पूर्ण भूल द्यावी लागेल. त्या वेळी मी विचारत बसणार नाही. हे आत्ताच कबूल करा."

सावित्राबाईंनी बराच विचार केला. "तवा बी ही हाक मारंल ना?" त्यांनी अनिताकडे बोट केलं.

"मारतील."

"मंग लावते आंगठा."

सकाळी विकास आला. रात्रपाळी करून तसाच आला होता, डोळे लाल. आईच्या पायांवर डोकं ठेवलं आणि डोकं वर काढेना. सावित्राबाईंनी त्याच्या केसांतून हात फिरवला. तो म्हणाला, "आये, मी जातो ना आत. अनिताताई कशाला? मी हाय ना."

"तू भाईर बस. बायकूला फोन लाव, म्हनावं बरी हाय."

"पन का?"

"तू आये म्हनशील," सावित्राबाई म्हणाल्या.

विकासला ते कळलं नाही. त्याला वाईट वाटलं, हे दिसत होतं. तो खिडकीशी जाऊन फोनमध्ये बघत उभा राहिला. अनितालाही तेव्हा कळलं नव्हतं. आपलंच पोर सोडून बाई मला का नेते आहे, या विचारात तिने हिरवा झगा चढवला, मंगळसूत्र कागदात बांधून पर्समध्ये ठेवलं, आणि पाय धुताना जप सुरू केला. ओठ हलत होते, पण लक्ष लागत नव्हतं.

थिएटरच्या दाराशी स्ट्रेचर थांबलं. आत काहीतरी मांडामांड चालू होती. सावित्राबाईंच्या केसांवर निळी टोपी घातली होती, त्यामुळे चेहरा लहान दिसत होता, मुलीसारखा. कुंकवाच्या जागी गोंदलेला ठिपका तेवढा उठून दिसत होता. अनिताने त्यांच्या हातावर हात ठेवला.

"मावशी, मी आहे हां. घाबरू नका."

"मावशी नगं म्हनूस आत."

"मग काय म्हणू?"

"सावित्रे म्हन." त्या आतल्या दिव्यांकडे बघत होत्या. "आय म्हनायची. माजा भाऊ म्हनायचा. ह्ये म्हनायचे. सखू म्हनायची, पार जाईस्तवर, 'सावित्रे, चूल पेटली का गं.' सखू गेली आन् त्ये नाव बी गेलं. आता समदी मावशी म्हनत्यात, आये म्हनत्यात, हितं आजी म्हनत्यात. त्येला मी ओ देते, व्हय. पन त्यो मान झाला गं. झोपंत मान ऐकू येत न्हाई. सावित्रे म्हनलं का मी कुटं बी आसले तरी मागारी येनार."

आईच्या वयाच्या बाईला अशी एकेरी हाक अनिताने जन्मात मारली नव्हती. माहेरी तशी एकदा चूक झाली होती तर वडिलांनी दोन दिवस अबोला धरला होता.

"असं कसं मावशी? तुम्ही केवढ्या मोठ्या. देवाला तरी आवडेल का?"

"गडावरच्या देवाला काय म्हनतीस तू? अहो महादेव म्हनतीस का?"

अनिताने मास्क नाकावर नीट ओढला.

"त्यो तुज्यापरास ल्हान हाय का? तुला काय राग धरतो का? ए म्हनूनच हाक मारतीस ना?"

आतून मॅडमनी हाताने खूण केली. वॉर्डबॉयने स्ट्रेचरचा ब्रेक सोडला. अनिताने मास्कच्या आत ते नाव एकदा उच्चारून पाहिलं. ओठ हलले, आवाज फुटला नाही. सावित्राबाई तिच्या डोळ्यांकडेच बघत होत्या. त्यांनी तिचं मनगट धरलं, डोंगर उतरताना धरलं होतं तसंच.

"आन् आयक. म्या ओ दिली न्हाई तर आवाज चढव. समदी डाक्टरं ऐकत आसली तरी चढव. लाजू नगंस, पोरी."